आपल्याच शहराचे पाहुणे

सुट्टी म्हटली की मुंबईकरांची पावले लोणावळा, माथेरान, अलिबाग नाही तर महाबळेश्वरकडे वळतात. शुक्रवारी रात्री कार्यालयातून थेट द्रुतगती मार्ग गाठायचा, घाटातल्या रांगेत दोन-तीन तास घालवायचे, शनिवारी कसेबसे फिरून घ्यायचे आणि रविवारी दुपारपासून परतीची चिंता सुरू करायची, असा हा शिरस्ता आहे. दोन दिवसांच्या अशा सहलीतून विश्रांतीपेक्षा थकवाच पदरात पडतो. पती-पत्नीला एकमेकांशी निवांत चार शब्द बोलायला मिळावेत म्हणून काढलेली सहल गाडी कुठे उभी करायची या प्रश्नावरच्या वादात संपते. यावर उपाय म्हणून अलीकडच्या काळात शहरी मध्यमवर्गात एक नवा प्रघात रुजला आहे. कुठेही न जाता आपल्याच शहरातील एखाद्या हॉटेलात एक-दोन रात्री मुक्काम करायचा. याला इंग्रजीत ‘स्टेकेशन’ म्हणतात.

‘स्टे’ म्हणजे मुक्काम आणि ‘व्हेकेशन’ म्हणजे सुट्टी, या दोन शब्दांच्या सांध्यातून हा शब्द तयार झाला. २००८ च्या सुमारास अमेरिकेत इंधनाचे दर भडकले, मंदीने घरोघरी खर्चाला कात्री लावली आणि तेव्हा हा शब्द सर्वतोमुखी झाला. आपल्याकडे त्याचा खरा प्रसार झाला तो २०२० नंतर. करोनाच्या साथीत प्रवासावर निर्बंध आले, परदेशी पाहुणे येईनासे झाले. मोठ्या हॉटेलांनी मग शहरातल्याच रहिवाशांना सवलतीचे आमंत्रण दिले. साथ ओसरली, तरी सवय टिकून राहिली.

एकांताचा दुष्काळ

इतर शहरांत ही केवळ चैन असेल. मुंबईत मात्र तिला आणखी एक बाजू आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या शहरातील निम्म्याहून अधिक कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. आई-वडील, भावंडे, मुले आणि नवविवाहित जोडपे यांचा संसार एका खोलीत मांडला गेला, की दिवाणाच्या आडोशाला किंवा पडद्याच्या पलीकडे जेवढा मिळेल तेवढाच एकांत. १९७० साली आलेल्या ‘मुंबईचा जावई’ या चित्रपटाचा विषयच हा होता आणि त्यावरूनच बासू चटर्जी यांनी १९७२ मध्ये ‘पिया का घर’ हा हिंदी चित्रपट काढला. चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले, पण खोल्यांची संख्या माणसांच्या मानाने फारशी वाढली नाही.

म्हणूनच मरीन ड्राइव्ह, वरळी, वांद्र्याचा बॅण्डस्टॅण्ड आणि अपोलो बंदरच्या कठड्यांवर शहराकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून बसलेली जोडपी दिसतात. त्यांत लग्न न झालेली असतात, तशी लग्नाला वीस वर्षे झालेलीही असतात. अपोलो बंदरच्या कठड्यावरून मान वळवली की मागे लाल घुमटाची एक भव्य दगडी इमारत दिसते. मुंबईत आयुष्य काढलेल्या लाखो माणसांनी तिच्यासमोर छायाचित्र काढून घेतलेले असते, मात्र तिच्या आत पाऊल टाकलेले नसते. ती इमारत म्हणजे ‘ताजमहाल पॅलेस’ हॉटेल. आपल्या शहरात पाहुणे म्हणून राहायचे, तर ज्या वास्तूत शहराचा इतिहास घडला तीच का निवडू नये, असा विचार करणाऱ्यांसाठी हा परिचय.

प्लेगच्या सावलीत उभे राहिलेले हॉटेल

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे शहर सोडून जाऊ लागली, व्यापार मंदावला. त्याच दशकाच्या अखेरीस जमशेटजी टाटा यांनी अपोलो बंदरावर एक मोठे हॉटेल बांधण्याचे मनावर घेतले. घरच्यांनाही ही कल्पना फारशी रुचली नव्हती. आता भटारखाना काढणार काय, असे त्यांच्या बहिणीने विचारल्याची आठवण टाटा घराण्याच्या चरित्रांतून सांगितली जाते.

या वास्तूच्या आराखड्यात मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा हे हॉटेलचे मूळ वास्तुरचनाकार. बोरीबंदरचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, बांधताना वैद्य हे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे साहाय्यक अभियंते होते. हॉटेल पूर्ण होण्यापूर्वीच वैद्य यांचे निधन झाले आणि उर्वरित काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने तडीस नेले. बांधकामाचे कंत्राट खानसाहेब सोराबजी रतनजी यांच्याकडे होते. इमारतीच्या मध्यभागी असलेला, कोणत्याही आधाराविना वर चढत गेल्यासारखा भासणारा जिना ही त्यांचीच करामत.

१६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल सुरू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी अवघे १७ पाहुणे होते. विजेचे दिवे, अमेरिकेतून आणलेले पंखे, जर्मन बनावटीचे उद्‌वाहक आणि तुर्की स्नानगृहे हे सारे त्या काळच्या मुंबईला अपूर्व होते. जमशेटजींना मात्र हे वैभव फार दिवस पाहता आले नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात याच हॉटेलात ६०० खाटांचे रुग्णालय थाटण्यात आले होते.

एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी. हॉटेल उभे राहिले तेव्हा समोर ‘गेट वे ऑफ इंडिया’ नव्हते. त्याची कोनशिला १९११ मध्ये बसली, जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. म्हणजे हॉटेल गेट वेहून २१ वर्षांनी वडील आहे. गेट वेसमोरील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्याहून अलीकडचा, २६ जानेवारी १९६१ रोजी अनावरण झालेला.

दोन दंतकथा

जुन्या वास्तूभोवती कथा जमतातच. ‘ताज’विषयी दोन कथा मुंबईतला प्रत्येक वाटाड्या सांगतो.

पहिली कथा अशी, की काळा घोडा येथील ‘वॉटसन’ हॉटेलात जमशेटजींना हिंदी म्हणून प्रवेश नाकारण्यात आला आणि त्या अपमानातून ‘ताज’ जन्माला आले. ‘वॉटसन’ हे गोऱ्यांचे हॉटेल होते, हे खरे. ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची ती इमारत विलायतेतून भाग आणून इथे जोडली गेली होती. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ तिथेच झाला. मात्र जमशेटजींच्या अपमानाच्या कथेला समकालीन पुरावा मिळत नाही. त्यामुळे अनेक अभ्यासक ती मान्य करत नाहीत. मुंबईला जगातील मोठ्या शहरांच्या तोडीचे हॉटेल असावे, ही त्यांची इच्छा अधिक संभाव्य कारण ठरते. ‘ताज’चे दरवाजे हिंदी आणि युरोपीय अशा दोन्ही पाहुण्यांना खुले होते, हे मात्र निर्विवाद.

दुसरी कथा अशी, की इंग्रज वास्तुविशारदाचा आराखडा गवंड्यांनी उलटा वाचला, समुद्राकडे यायचे तोंड शहराकडे गेले आणि त्या धक्क्याने त्याने जीव दिला. ही कथा निखालस खोटी. मूळ प्रवेशद्वार पश्चिमेला, शहराच्या बाजूला होते, ते विचारपूर्वक. घोडागाड्या शहरातून येत आणि दोन पंखांच्या मधल्या जागेत थांबत. समुद्राकडची बाजू पाहुण्यांच्या खोल्यांसाठी मोकळी राहिली. पुढे प्रवेश बंदराच्या बाजूने झाला आणि गाड्या थांबत त्या जागी पोहण्याचा तलाव आला. आज तलावाकडे तोंड असलेल्या खोलीच्या खिडकीत उभे राहिले, की आपण हॉटेलच्या जुन्या दर्शनी अंगणाकडे पाहत असतो.

नृत्य, जाझ आणि ‘बघण्याचा’ कार्यक्रम

हे हॉटेल केवळ बोटीने येणाऱ्या साहेबांसाठी नव्हते. शहरातील सधन पारशी, गुजराती, मुसलमान आणि मराठी घराणी, संस्थानिक, वकील आणि राजकीय पुढारी यांची ती भेटण्याची जागा होती. सरोजिनी नायडू यांचा मुक्काम इथे वरचेवर असे आणि त्यांच्या दालनात राजकारणापासून काव्यापर्यंतच्या मैफली रंगत. १९३३ मध्ये ‘हार्बर बार’ सुरू झाला. त्याच दशकात लिऑन ॲबी आणि टेडी वेदरफोर्ड यांच्यासारख्या आफ्रिकन-अमेरिकन वादकांनी इथल्या नृत्यगृहात जाझ आणले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर हा वारसा गोव्याच्या संगीतकारांनी पुढे चालवला. मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून सुमारे दोन दशके इथे वाजत होता. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ यांनीही इथला रंगमंच गाजवला. पुढे हिंदी चित्रपटसंगीतात जो पाश्चात्त्य बाज आला, त्यात या गोमंतकीय वादकांचा वाटा मोठा आहे.

पहिल्या मजल्यावरचे ‘सी लाउंज’ हे चहापानगृह मुंबईकरांना आणखी एका कारणाने ठाऊक आहे. मुलगा-मुलगी ‘बघण्याचे’ कार्यक्रम शहरातील अनेक कुटुंबांनी इथल्या खिडकीजवळच्या टेबलांवर उरकले. कांदेपोह्यांऐवजी सॅण्डविच आणि भेळ, बैठकीच्या खोलीऐवजी समोर बंदरातल्या होड्या, एवढाच काय तो फरक. अशा भेटीतून लग्न जमलेली जोडपी पुढे वाढदिवसाला पुन्हा त्याच टेबलाची मागणी करतात. हॉटेलचा प्रणयाशी संबंध आहे तो असा, साधा आणि घरगुती.

रत्तीचे अखेरचे दिवस

या वास्तूशी जोडलेली सर्वांत प्रसिद्ध प्रेमकथा मात्र सुखान्त नाही. सर दिनशॉ पेटिट यांची कन्या रतनबाई, म्हणजेच रत्ती, हिचा जन्म २० फेब्रुवारी १९०० रोजी झाला. तिचे प्रेम जडले ते वडिलांचे स्नेही आणि तिच्याहून २३ वर्षांनी मोठे असलेले बॅरिस्टर महंमद अली जिना यांच्यावर. वडिलांनी कोर्टाकडून मनाई आणली. रत्ती अठरा वर्षांची होईपर्यंत थांबली आणि १९ एप्रिल १९१८ रोजी तिने इस्लाम धर्म स्वीकारून जिनांशी विवाह केला. पारशी समाजाने तिला वाळीत टाकले.

पुढे राजकारणाने जिनांचा सारा वेळ व्यापला आणि दोघांत अंतर पडत गेले. १९२८ मध्ये रत्ती मलबार हिलचे घर सोडून ‘ताज’मध्ये राहायला आली. २० फेब्रुवारी १९२९ रोजी, आपल्या २९ व्या वाढदिवशी, तिचे निधन झाले. भावना कधीही चेहऱ्यावर न दाखवणारे जिना तिच्या दफनविधीच्या वेळी रडले, अशी नोंद न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी आपल्या आत्मचरित्रात केली आहे. हॉटेलची खोली दोघांना एकांत देऊ शकते, सोबत मात्र ज्याची त्यालाच न्यावी लागते. मोबाइलवर डोळे लावून बसणाऱ्या आजच्या जोडप्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

२६ नोव्हेंबरनंतर

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवाद्यांनी मुंबईवर हल्ला केला आणि घुमटातून निघणारा धूर साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. या हॉटेलात ३१ जणांचा बळी गेला. पाहुण्यांना वाचवताना प्राण गमावलेले कर्मचारीही त्यांत होते. शेजारची, १९७३ मध्ये बांधलेली मनोऱ्याची इमारत २१ डिसेंबर २००८ रोजी पुन्हा सुरू झाली. जुन्या इमारतीच्या डागडुजीला मात्र पावणेदोन वर्षे लागली आणि १५ ऑगस्ट २०१० रोजी तिचे दरवाजे पुन्हा उघडले. मृतांचे स्मारक हॉटेलच्या आवारातच आहे. मुक्कामाला येणाऱ्यांनी त्याच्यापाशी क्षणभर थांबावे. प्रवेशद्वारावरची कडक तपासणी गैरसोयीची वाटू शकते, पण तिचे कारण हेच आहे.

२०१७ मध्ये या वास्तूच्या बाह्यरूपाला बोधचिन्ह म्हणून कायदेशीर संरक्षण मिळाले. भारतात एखाद्या इमारतीला असे संरक्षण मिळण्याची ही पहिलीच वेळ.

मुक्काम कसा आखावा?

खर्चाचा विचार आधी करायला हवा. अशा हॉटेलातील एका रात्रीचे भाडे अनेक घरांच्या महिन्याच्या वाणसामानाहून अधिक असते. त्यामुळे पैसे नेमके कशासाठी मोजायचे, हे आधीच ठरवलेले बरे.

इमारत कोणती, हे नोंदणीच्या वेळीच विचारावे. जुनी ‘पॅलेस’ इमारत आणि १९७३ चा मनोरा या दोन्हींत खोल्या आहेत. मनोऱ्यातील खोल्यांचे भाडे बहुधा कमी असते आणि वरच्या मजल्यांवरून बंदराचे दृश्यही सुरेख दिसते. मात्र इतिहासासाठी यायचे असेल, तर मुक्काम ‘पॅलेस’मध्येच हवा. तिथेही समुद्राकडची, तलावाकडची आणि शहराकडची खोली असे प्रकार असून त्यानुसार भाडे बदलते.

काळ कोणता, यालाही महत्त्व आहे. नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या आसपास दर सर्वाधिक असतात. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत ते उतरतात आणि अपोलो बंदरचा पाऊस खिडकीत बसून पाहण्यासारखा असतो.

कर धरून हिशेब करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीभाड्यावर ५ टक्के आणि त्याहून अधिक भाड्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे २० हजार रुपयांच्या खोलीवर ३,६०० रुपये कर होतो. न्याहारी भाड्यात धरलेली आहे काय, हेही विचारून घ्यावे.

वेळेचा पुरेपूर उपयोग करावा. मोठ्या हॉटेलांत खोली साधारणपणे दुपारी दोनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी बारापर्यंत सोडावी लागते. शहरातच राहणाऱ्यांना आधी येऊन सामान ठेवणे सहज शक्य असते. निवासी पाहुण्यांसाठी वास्तूचा इतिहास सांगणारी फेरी असते. तिची वेळ आल्याबरोबर विचारावी. जोडप्याच्या लग्नाचा वाढदिवस असेल, तर तो आधी कळवावा. केक किंवा फुले यांसाठी वेगळे पैसे मोजण्याची वेळ बहुधा येत नाही.

कायदा काय सांगतो?

आपल्याच शहरात हॉटेलची खोली मागणाऱ्या जोडप्याकडे अजूनही संशयाने पाहिले जाते. अनेक लहान हॉटेले आणि लॉज स्थानिक पत्ता असलेले ओळखपत्र दाखवताच खोली नाकारतात. मंगळसूत्र आहे की नाही, याकडे नजर जाते. पन्नाशीच्या पती-पत्नीलाही ‘घर इथेच असताना हॉटेल कशाला’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते.

वस्तुस्थिती अशी, की दोन सज्ञान व्यक्तींनी, विवाहित असोत वा नसोत, हॉटेलच्या खोलीत एकत्र राहण्यास मनाई करणारा कोणताही कायदा भारतात नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ आणि अक्सा परिसरातील हॉटेलांवर छापे घालून मुंबई पोलिसांनी सुमारे ४० जोडप्यांना पकडले आणि सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याच्या कलमाखाली त्यांना दंड केला. हॉटेलची बंद खोली हे सार्वजनिक ठिकाण कसे, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. टीका झाल्यावर पोलीस आयुक्तांनी चौकशीचे आदेश दिले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञान व्यक्तींमधील समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्काही पुसला. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोइम्बतूर येथील एका प्रकरणात स्पष्ट केले, की अविवाहित जोडप्याने खोली घेणे हा गुन्हा ठरवणारा कायदाच नाही आणि त्या कारणावरून मालमत्तेला टाळे ठोकता येणार नाही.

असे असले तरी हॉटेले स्वतःचे प्रवेशनियम करू शकतात. म्हणून स्थानिक रहिवाशांना आणि अविवाहित जोडप्यांना खोली मिळते काय, हे नोंदणीपूर्वी विचारून लेखी उत्तर घेतलेले उत्तम. दोघांचीही ओळखपत्रे सोबत हवीत. आधार, पारपत्र, वाहनचालक परवाना किंवा मतदार ओळखपत्र चालते. पॅन कार्डावर पत्ता नसल्याने ते सहसा पुरेसे मानले जात नाही.

चोवीस तास, चालण्याच्या अंतरावर

खोलीत बसून राहण्यासाठीही यावेच, पण दक्षिण मुंबई पायी पाहण्याची ही उत्तम संधी आहे. रोज लोकलने येऊन कार्यालयात शिरणाऱ्यांनी हा भाग वर मान करून क्वचितच पाहिलेला असतो. हॉटेलपासून काही मिनिटांवर १९३३ चे ‘रीगल’ चित्रपटगृह आहे. त्याचे रचनाकार चार्ल्स स्टीव्हन्स हे बोरीबंदर उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे चिरंजीव. त्यासमोर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय लागते. गेट वे आणि संग्रहालय या दोहोंचे आराखडे जॉर्ज विटेट यांचे, हे कळले की दोन्ही घुमटाकार वास्तूंमधले नाते दिसू लागते. पुढे काळा घोड्याला ‘वॉटसन’ हॉटेलची जीर्ण इमारत आहे. मोडकळीस आल्याने २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. ‘ताज’ ज्याच्या स्पर्धेत उभे राहिले त्याची ही अवस्था पाहिली, की जुनी वास्तू जपणे म्हणजे काय ते उमगते. ओव्हल मैदानाच्या एका अंगाला व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या अंगाला आर्ट डेको शैलीच्या इमारती आहेत. या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेट वेवरून घारापुरीची होडी धरता येते. प्रवास सुमारे तासाभराचा. लेणी सोमवारी बंद असतात. त्रिमूर्तीपुढे सारेच थांबतात, पण जोडप्याने शिव-पार्वतीच्या विवाहाचे शिल्प शोधून पाहावे. पार्वतीच्या झुकलेल्या मानेतली लज्जा दगडात अजून टिकून आहे. त्रिमूर्तीच्या शेजारी अर्धनारीनटेश्वराची भव्य मूर्ती आहे. बाराला खोली सोडायची असल्याने सामान हॉटेलात ठेवून निघावे.

ज्यांना रात्रीचे भाडे परवडणारे नाही, त्यांनाही ही वास्तू आतून पाहता येते. ‘सी लाउंज’मधील चहा स्वस्त नाही, मात्र खोलीच्या भाड्याच्या मानाने फार थोड्या पैशांत खिडकीजवळची दुपार मिळते. शनिवार-रविवारी टेबल आधी राखून ठेवावे.

सूर्योदयाच्या सुमारास अपोलो बंदर जवळजवळ रिकामे असते. फोटोवाले, फुगेवाले आणि सहलीच्या बसगाड्या अजून यायच्या असतात. कबुतरे उतरू लागतात, नांगरलेल्या होड्या हलत असतात आणि सूर्य बंदरापलीकडून वर येतो. वर्षानुवर्षे ज्या कठड्यावर बसून या इमारतीकडे पाहिले, तोच कठडा आता खिडकीतून खाली दिसतो. तेवढ्या सकाळीही तिथे एखादे जोडपे येऊन बसलेले असते, शहराकडे पाठ करून. बारा वाजता खोलीची चावी परत करायची आणि चर्चगेटहून किंवा बोरीबंदरहून नेहमीची गाडी पकडायची. घर तेच असते आणि सोमवारही टळत नाही. पण मधल्या चोवीस तासांत दोन माणसांचे बोलणे, कुणी ऐकत नसताना, पुरते झालेले असते.